मॉर्गन वुटन सरांचं बास्केटबॉल कोचिंगचं पुस्तक : शाळेत टीम बघणाऱ्यांनी घ्यावंच

पुस्तकाचं नाव 'कोचिंग बास्केटबॉल सक्सेसफुली', लेखक मॉर्गन वुटन, प्रकाशक अमेरिकेतले ह्यूमन कायनेटिक्स. पहिली आवृत्ती १९९२ ची, नंतर सुधारून परत निघालंय, तिसऱ्या आवृत्तीवर त्यांच्या मुलाचं म्हणजे जो वुटन यांचंही नाव आहे, तेपण शाळेचेच कोच. माझ्याकडे ही तिसरी आहे. मी तालुक्याच्या गावात क्रीडाशिक्षिका आहे, मुलींची बास्केटबॉलची टीम बघते, आणि हा रिव्ह्यू जेवढा पुस्तकाचा तेवढाच सरांचापण आहे, कारण सर २१ जानेवारी २०२० ला गेले, ८८ वर्षांचे होते, आणि पाचच दिवसांनी २६ तारखेला एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा स्टार कोबी ब्रायंटचा हेलिकॉप्टर अपघात झाला. मग काय, सगळीकडे कोबी आणि कोबीच, आणि ते बरोबरच होतं, त्याची तेरा वर्षांची मुलगी पण त्यात गेली, माझ्या टीममधल्या पोरी रडल्या होत्या. पण त्या गर्दीत वुटन सर राहून गेले. आपल्याकडे बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरांना एनबीएतले सगळे प्लेअर तोंडपाठ असतात, शाळेतल्या पोरांना शेहेचाळीस वर्षं शिकवणारा हा माणूस कुणाला माहीत नसतो. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, ज्यांना फक्त पुस्तक घ्यावं की नाही एवढंच हवंय त्यांना सांगते, घ्या, पण या रिव्ह्यूचा शेवटचा भाग वाचून मग घ्या.

आधी माणूस कोण ते. मेरीलँड राज्यात, वॉशिंग्टनला लागून हायट्सव्हिल म्हणून गाव आहे, तिथे डीमॅथा ही मुलांची कॅथलिक हायस्कूल. वुटन सर तिथे १९५६ ला आले आणि २००२ ला निवृत्त झाले, मध्ये कुठेही गेले नाहीत. रेकॉर्ड १२७४ विजय, १९२ पराभव. हा आकडा मी परत परत बघते कारण नीट विचार केला तर डोकं चालत नाही, शाळेची टीम म्हणजे दर तीन-चार वर्षांनी सगळी पोरं बदलतात, तुमचा तयार झालेला सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, बारावी झाली की गेला, परत नवीन उंच पोरगा शोधा, त्याला पाय कसे टाकायचे इथपासून शिकवा. क्लबमध्ये किंवा एनबीएत एक खेळाडू दहा वर्षं ठेवता येतो, शाळेत नाही. आणि तरी वर्षामागून वर्षं जिंकत राहायचं. पाच वेळा त्यांच्या टीमला देशात एक नंबरचा मान मिळाला. २००० साली नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या यादीत, घेतलं, तिथे कोच म्हणून जाणारे बहुतेक कॉलेजचे नाहीतर एनबीएचे, हे मात्र सगळं आयुष्य शाळेच्या पटांगणावर काढून गेले.

सुरुवात कशी झाली ते मला फार आवडतं. कॉलेजात असताना वॉशिंग्टनमधल्या एका अनाथाश्रमातल्या मुलांच्या बेसबॉल टीमचं कोचिंग यांच्याकडे आलं, त्या सीझनला टीम सोळा मॅच खेळली आणि सोळाच्या सोळा हरली. तरी त्यांना त्यातच समजलं की आपल्याला आयुष्यभर हेच करायचंय. मला हे वाचून इतकं बरं वाटलं होतं, कारण आपल्याकडे नवीन शिक्षक लागतो, पहिल्या वर्षी जिल्हास्तरावर पहिल्याच राउंडला टीम बाहेर, आणि स्टाफरूममध्ये लगेच सुरू, काय हो, नुसता डिझेल-पाणी खर्च. त्या पोराला कुणीतरी हे सांगायला पाहिजे.

आता ती प्रसिद्ध मॅच, ती सांगितल्याशिवाय वुटन सरांबद्दल बोलताच येत नाही. ३० जानेवारी १९६५. न्यूयॉर्कची पॉवर मेमोरिअल शाळा, सलग ७१ मॅच जिंकलेली, आणि त्यांचा सेंटर ल्यू अल्सिंडर, हाच पुढे एनबीएतला मोठा स्टार करीम अब्दुल-जब्बार. शाळेतच सात फूट. आदल्या वर्षी याच टीमने डीमॅथाला थोडक्यात हरवलेलं. मेरीलँड युनिव्हर्सिटीच्या कोल फील्ड हाउसमध्ये मॅच, बारा हजारांच्या वर लोक, शाळेच्या पोरांची मॅच बघायला! वुटन सरांनी प्रॅक्टिसला काय केलं तर एका उंच पोराच्या हातात टेनिसची रॅकेट दिली आणि रिंगखाली उभं केलं, रॅकेट वर धरून शॉट अडवायचे. म्हणजे अल्सिंडरचा हात जिथपर्यंत पोचणार तिथपर्यंत रॅकेट पोचणार, आणि मारणाऱ्याला आपोआप बॉल जास्त वर उचलून मारायची सवय लागणार. सांगून नाही लागत ती सवय. "वरून मार गं, वरून मार" असं आपण घसा फुटेस्तोवर ओरडतो, त्यापेक्षा समोर रॅकेट धरली की पोरगी दोन दिवसांत स्वतःच वरून मारायला लागते, मी बघितलंय. डीमॅथा ४६-४३ ने जिंकली, अल्सिंडरला १६ पॉइंटवर रोखलं. डीमॅथाच्या दोन उंच मुलांनी त्याला पुढूनमागून घेरून ठेवलं होतं, बॉलच नीट पोचू दिला नाही. अमेरिकेत अजूनही शाळेच्या बास्केटबॉलमधली सगळ्यात मोठी मॅच म्हणून तिचं नाव घेतात.

माझं म्हणणं असं की लोक ही मॅच सांगतात तेव्हा जिंकण्याचं सांगतात, पण खरी गोष्ट रॅकेटची आहे. हा माणूस आधी शिक्षक होता. डीमॅथात ते इतिहास शिकवायचे, हे नुसतं कागदावर नाही, खरंच वर्गात जाऊन तास घ्यायचे. आणि प्रॅक्टिसला ते दिवसातला आणखी एक तास समजायचे, वर्गाची तयारी करतात तशी प्रॅक्टिसची तयारी. पुस्तक उघडलं की हे पानापानावर दिसतं.

तर पुस्तक. सुरुवातीचा भाग कोचिंगच्या पायाचा आहे, म्हणजे तुमचा विचार काय, मुलांशी बोलायचं कसं, उत्साह कसा टिकवायचा, शाळेत टीमची व्यवस्था कशी उभी करायची. मग सीझनचं आणि रोजच्या प्रॅक्टिसचं नियोजन, मग ऑफेन्स म्हणजे हल्ला, मग डिफेन्स म्हणजे बचाव, मग मॅचच्या दिवशी काय करायचं, आणि शेवटी मुलांचं आणि स्वतःचं मूल्यमापन. बहुतेक लोक थेट ऑफेन्सची पानं उघडतात, आकृत्या बघतात, दोन प्ले, म्हणजे ठरवून खेळायच्या चाली, उचलतात आणि पुस्तक कपाटात. असं करू नका प्लीज. ऑफेन्सच्या आकृत्या आता युट्यूबवर ढिगाने मिळतात, हलत्या-चालत्या. पुस्तकाचे पैसे वसूल होतात ते नियोजनाच्या भागात.

प्रॅक्टिस प्लॅन मिनिटांत लिहायचा. नुसतं 'वॉर्मअप, ड्रिल, मॅच' नाही, तर किती वाजून किती मिनिटांनी काय, कोण कुणाबरोबर, त्या दिवशी ऑफेन्समध्ये भर कशावर, डिफेन्समध्ये कशावर, सगळं आधी कागदावर. कुठलंही ड्रिल लांबवायचं नाही, चांगलं चाललं असेल तरी वेळ झाली की पुढे. पाणी प्यायची वेळपण ठरलेली. आणि नवीन गोष्ट लवकर शिकवायची, मुलं ताजी असताना, मग दमलेली असताना तिचा सराव. वाचायला अगदी साधं वाटतं. पण आपल्याकडे कसं असतं, शाळा सुटली, पोरी आल्या, दोन चकरा मारल्या, मग लेअप (पळत येऊन रिंगजवळून मारायचा शॉट), मग "चला टीम पाडा", आणि अर्धा वेळ कोण कुणाच्या टीममध्ये यावरच जातो. आमच्याकडे तर संध्याकाळची शेवटची एसटी असते, वाडीवस्तीच्या पोरींना ती गाठायचीच असते, म्हणजे हातात खरा एक तास. मिनिटांचा प्लॅन लिहायला लागल्यापासून तोच एक तास मोठा झालाय. पाच मिनिटं दोन्ही हातांनी ड्रिबल, मग पायांची हालचाल, मग तीनवर दोन (तिघी हल्ल्याला, दोघी बचावाला), लगेच पलटून दोनवर एक, पळवत पळवत, म्हणजे वेगळा स्टॅमिनासाठी वेळ काढायची गरजच नाही. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट, शेवटी नाही तर मध्ये मध्ये, धापा टाकत असताना, कारण मॅचमध्ये फ्री थ्रो कधी आराम करून मारायला मिळतो का?

डिफेन्सचा भागपण जबरदस्त आहे. डीमॅथाची टीम मॅन टू मॅन, म्हणजे प्रत्येकाने समोरचा एकेक खेळाडू धरून, दाबून खेळायची आणि चार्ज घ्यायला कुणी घाबरायचं नाही, म्हणजे समोरचा वेगाने येतोय तर आधीच जाऊन पाय रोवून उभं राहायचं, धक्का अंगावर घ्यायचा, फाउल त्याचा. हे शिकवताना पडायचं कसं ते आधी शिकवावं लागतं. इथे एक सांगते, आपले बरेचसे कोर्ट सिमेंटचे आहेत, तिथे मुलींना सरावात चार्ज घ्यायला लावू नका, मी गादी टाकून शिकवते आणि कोर्टवर फक्त पायांची जागा दाखवते. पुस्तक लाकडी फ्लोअर धरून लिहिलंय, हे प्रत्येक पानावर लक्षात ठेवायला लागतं.

आणि हो, बेंचवरची मुलं. यासाठी मला सर सगळ्यात जास्त आवडतात. त्यांच्या हाताखालच्या अडीचशेच्या वर मुलांना कॉलेजची स्कॉलरशिप मिळाली, आणि त्यात नुसते स्टार नव्हते, वर्षानुवर्षं असं होत राहिलं की टीममधल्या शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला, जो मॅचला फारसा उतरतही नव्हता त्यालासुद्धा, कुठल्या ना कुठल्या कॉलेजात स्कॉलरशिपवर जागा मिळाली. तिथे कॉलेजची फी केवढी असते ते सगळ्यांना माहितीय. म्हणजे बाराव्या नंबरच्या पोरासाठीसुद्धा हा माणूस फोन करत होता, पत्रं लिहीत होता. एनबीएत गेलेले डझनभर आहेत, एड्रियन डँटली आहे, डॅनी फेरी आहे, पण जेम्स ब्राउनसारखा माणूसपण आहे, तो हार्वर्डला शिकला आणि पुढे टीव्हीवरचा नावाजलेला स्पोर्ट्स अँकर झाला. सर मुलांना क्रम सांगायचे, देव, घर, शाळा आणि मग बास्केटबॉल. चौथ्या नंबरवर बास्केटबॉल! आपल्याकडे पालक येऊन म्हणतात, मॅडम दहावीचं वर्ष आहे, खेळ बंद करते तिचा, तेव्हा मी त्यांना हा क्रम सांगते. म्हणते अहो, जगात सगळ्यात जास्त जिंकलेल्या कोचांपैकी एक माणूसपण अभ्यास आधीच सांगत होता, तिचा अभ्यास झाला नाही तर मीच तिला कोर्टवर येऊ देणार नाही, पण बंद नका करू. क्रीडा गुणांचं पण सांगतेच, त्याशिवाय ऐकत नाहीत. काही पोरी अशा टिकल्यात.

मोठ्या नोकऱ्या त्यांना आल्या नाहीत असं नाही. नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीने १९८० ला बोलावलं होतं, नाही म्हणाले. ती जागा मग जिम व्हाल्व्हानोंनी घेतली आणि १९८३ ला ती टीम देशाची चॅम्पियन झाली, फायनलला ह्यूस्टनसारखी तगडी टीम ५४-५२ ने हरवली, आणि त्या टीमचे दोन्ही गार्ड (बाहेरून खेळ चालवणारे खेळाडू), सिडनी लो आणि डेरेक व्हिटनबर्ग, डीमॅथाचे, वुटन सरांच्या हाताखालून गेलेले. शेवटच्या सेकंदाला व्हिटनबर्गने लांबून मारलेला बॉल रिंगपर्यंत पोचला नाही, तो तिथेच वर उडी मारून लोरेन्झो चार्ल्सने आत टाकला, अजून तो व्हिडिओ फिरत असतो. सर तेव्हा हायट्सव्हिलमध्ये पुढच्या बॅचच्या पोरांना इतिहास शिकवत असतील. शाळेत राहिले ही त्यांची काही मजबुरी नव्हती, त्यांना तिथेच राहायचं होतं. १९९६ ला लिव्हर निकामी झालं, ट्रान्सप्लांट करावं लागलं, माणूस जाता जाता वाचला, आणि बरं होऊन परत त्याच जिममध्ये, त्याच पोरांसमोर येऊन उभा राहिला. पुढे आणखी काही वर्षं कोचिंग केलं.

आता जे आपल्याला चालत नाही ते स्पष्ट लिहिते, कारण पुस्तक स्वस्त नाही, इम्पोर्टेड आहे आणि शाळेच्या क्रीडा फंडातून घ्यायचं तर मुख्याध्यापक विचारणारच.

पहिलं म्हणजे नियम. अमेरिकेच्या शाळांमध्ये आठ-आठ मिनिटांचे चार क्वार्टर, आपल्याकडे फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमाने दहा-दहाचे. त्याहून मोठा फरक शॉट क्लॉकचा, म्हणजे बॉल हातात आल्यावर ठरलेल्या सेकंदांत शॉट मारायलाच लावणारं घड्याळ. तिकडे शाळांमध्ये खूप वर्षं शॉट क्लॉकच नव्हतं, अजून सगळ्या राज्यांत नाही, म्हणजे लीड असेल तर बॉल हातात ठेवून वेळ काढता येतो, आणि पुस्तकात तसा खेळ कसा खेळायचा हे शिकवलंय. आपल्याकडे चोवीस सेकंद. त्यामुळे शेवटच्या मिनिटांत काय करायचं हा भाग जसाच्या तसा उचलला तर गडबड होईल. तालुक्याला बऱ्याचदा घड्याळ नसतं आणि रेफरी अंदाजाने मोजतात, पण विभागाला पोचलं की नियम लागतो, तेव्हा सवय चोवीसचीच लावा. थ्री पॉइंटची लाइनपण (जिच्या बाहेरून मारलं की तीन पॉइंट) तिकडे शाळेत साधारण सहा मीटरवर, आपली ६.७५ वर. पुस्तकातल्या आकृतीत कोपऱ्यातून मारणारा खेळाडू दाखवलाय तिथे आपल्या मुलीला आणखी मागे उभं राहावं लागतं, आणि मग पासचा सगळा कोन बदलतो. पंधरा वर्षांच्या मुलीची ताकद बघता मी ते प्ले थ्रीसाठी वापरतच नाही, आत घुसायला वापरते.

दुसरं, माणसं. पुस्तक धरून चालतं की तुमच्याकडे असिस्टंट कोच आहेत, आकडे लिहायला मुलं आहेत, ट्रेनर आहे, ज्युनियरची वेगळी टीम आहे. इथे आम्ही एकटेच, त्याच दिवशी कबड्डी आणि खो-खोचं पण आपणच बघायचं, शिवाय कुठल्यातरी ऑनलाइन माहितीचं काम. यावर मी केलं ते असं की आकडे लिहायचं काम बेंचवरच्या मुलींना दिलं, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) एकीने, टर्नओव्हर (बॉल गमावणं) दुसरीने, असिस्ट (बास्केट करून देणारा पास) तिसरीने. वही त्यांचीच. हाफ टाइमला मी बोलायच्या आधी त्या वाचून दाखवतात. आता बेंचवर बसलेली पोरगी मॅच बघते, मोबाइल नाही.

तिसरं, इंग्रजी. भाषा अवघड नाही, शिक्षकासारखी साधी आहे, पण खेळाचे शब्द ज्याला आधीच येत नाहीत त्याला पहिली पन्नास पानं जड जातील. आकृत्यांत मात्र भाषा लागत नाही, कोण पळतोय, कोण पास देतोय, कोण ड्रिबल करतोय ते रेषांवरून कळतं, एकदा खुणा समजून घेतल्या की झालं. माझ्या नववीच्या मुली आता स्वतः फळ्यावर तशा खुणांनी प्ले काढतात.

चौथी गोष्ट, पुस्तक मुलांच्या टीमचं आहे, डीमॅथा मुलांचीच शाळा. मुलींसाठी काही वेगळं लागतं का? खेळात फारसं नाही. बाहेरच्या गोष्टीत लागतं, म्हणजे घरच्यांना भेटणं, प्रवासाला कोण सोबत, कपडे, पाळीचे दिवस, लग्नाच्या गोष्टी सुरू होणं, यातलं काही पुस्तकात मिळणार नाही, ते आपलं आपणच करायचं. पण घरच्यांना सीझनच्या आधीच बोलावून सगळं समोरासमोर सांगून टाकायचं, काय वेळ, काय नियम, अभ्यासाचं काय, हे मी या पुस्तकाच्या पहिल्या भागावरूनच सुरू केलं. आधी पालक तक्रार घेऊन यायचे, आता सीझनच्या सुरुवातीला चहाला येतात. एका मुलीच्या आजी आता प्रत्येक मॅचला येतात, नियम एक कळत नाही पण चार्ज घेतला की टाळ्या वाजवतात.

कुणी घ्यावं : शाळेत किंवा ज्युनियर कॉलेजात टीम बघणाऱ्या कुणीही, बास्केटबॉल नसला तरी. व्हॉलीबॉल, हँडबॉलवाल्यांनीसुद्धा पहिले दोन भाग वाचावेत, एका शिक्षकाने लिहिलंय ते. नुसते प्ले हवे असतील, किंवा तुम्ही खेळाडू आहात आणि स्वतःचा शॉट सुधारायचाय, तर हे पुस्तक नको, पैसे बॉलमध्ये घाला. जुनी आवृत्ती सेकंडहँड स्वस्तात मिळाली तरी घेऊन टाका, नियोजनाचा भाग त्यातही आहे. ई-बुक घेऊ नका असं माझं मत, मोबाइलच्या स्क्रीनवर आकृत्या बारीक दिसतात आणि कोर्टवर उन्हात काही दिसत नाही, छापील प्रत घ्या आणि आकृत्यांच्या पानांची झेरॉक्स काढून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घाला म्हणजे पावसात भिजत नाहीत, आपल्या स्पर्धा नेमक्या पावसाळ्यातच येतात.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण फक्त नियमांच्या फरकासाठी कापला. एक तासाच्या प्रॅक्टिसचा मिनिटांचा प्लॅन मी मराठीत करून ठेवलाय, सिमेंटचं कोर्ट, एकच शिक्षक, चार बॉल आणि वीस मुली एवढं धरून. कुणा क्रीडाशिक्षकाला हवा असेल तर सांगा, पाठवते, आणि तुम्ही त्यात काही बदल केलेत तर मलापण कळवा.